कळ

टिळकवाडीतले डॉक्टर म्हणाले, टायपिंग थोडं कमी करा.
कोर्टासमोर बावीस वर्षं झाली मला,
कमी कसं करतात ते कुणी शिकवलं नाही.
करंगळीतून निघून कोपरापर्यंत जी जाते
तिला कळ म्हणतात,
आणि जी दाबून दाबून ती येते, तिलाही कळच.
नाव ठेवणाऱ्याला दोघी एकदमच भेटल्या असणार.

मग ओमाण्णा आला. ओमाण्णा कणबरकर,
थोरल्या बहिणीचा धाकटा, उद्यमबागेत सीएनसीवर.
मालकाला विचारून, रविवारी, उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून
त्यानं माझ्या हातांजोगे दोन तुकडे कापले,
मध्ये एक वेटोळी वायर.
मधलं बोट लांब म्हणून तिथला स्तंभ वर चढलेला,
करंगळीचा घसरलेला.
कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवली त्यानं, तेव्हा
कासारीण आठवली, बांगडी भरण्याआधी हात दाबून बघणारी.

अठ्ठावन्न कळा, अठ्ठावन्न डायोड,
दुकानभर राळेचा धूर.
फर्मवेअर मात्र त्याचं नव्हतं.
ते फुकट होतं, म्हणून मी बिचकले;
कोर्टासमोर फुकट काही मिळत नाही, साक्षीदारसुद्धा.
फायलीच्या माथ्यावर नावं: कुणी हेल्गा, कुणी ओसामू,
आणि खाली अट, की वापरा, बदला,
पण बदललेलं पुढं द्याल तर असंच उघडं द्या.
स्टँपपेपरवर असलं कलम मी कधी उतरवलेलं नाही.

आत एके ठिकाणी लिहिलंय
की कळ दाबली की धातू थरथरतो,
एकदा दाबली तरी दहादा दाबल्यासारखा;
म्हणून पाच मिलिसेकंद थांबा,
थरथर निवली की मग खरं माना.
हे ओमाण्णानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुन्हा वाच.
माझ्यासमोर रोज माणसं बसतात,
सही करण्याआधी.

आता थर.
अंगठ्याखालची कळ धरली की सगळा बोर्ड पालटतो.
मी वहीत आखून दिले होते, एक मराठीचा, एक कन्नडचा
(अर्ज कन्नडमध्ये, भांडण मराठीत, असं आमच्याकडचं काम;
शाई दोन्हीला मुद्दाम निळीच).
दोन तास तो भरत बसला, आणि मग हसायलाच लागला.
"मावशी, हे बघ गे."
दोन्ही थर सारखे.
क जिथं, तिथंच त्यांचा क.
ळ जिथं, तिथंच ಳ.
बोर्डाला अक्षर ठाऊकच नाही,
उजवा तुकडा, चौथी ओळ, पहिला स्तंभ,
एवढंच बघतो आणि एक आकडा पाठवतो.
अक्षर कुठलं ते पलीकडं ठरतं.

बावीस वर्षं माझ्या बोटांना हे माहीत होतं.
मला कुणी सांगितलं नाही.

मग त्यानं दुसरा थर पुसला, पुरता नाही,
ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ठेवले,
मराठीत ज्यांना वेगळं घर नाही;
ते मी अनामिकेखाली मागून घेतले.
बाकीच्या कळांपुढं तो लिहीत गेला: पारदर्शक.
खरंच तसा शब्द आहे फर्मवेअरमध्ये,
म्हणजे इथं काही नाही, खालचं वर दिसू दे.

काल एक जण आला, पिशवीत सातबारा.
बोर्डाकडं बघून म्हणाला, फुटलंय काय गे मशीन?
नाही हो, हातासाठी केलंय. नाव सांगा.
भावकाण्णा येळ्ळूरकर.
डावा अंगठा दाबला, उजवी तर्जनी खाली,
ळ, हलंत, पुन्हा ळ.
कळ आली. कोपराच्या अलीकडंच थांबली.
अर्ज कुठल्या भाषेत
ते अजून विचारलं नव्हतं मी.